‘येऊ नका’ हेही सांगता आलं पाहिजे

अगं, तुला नोकरी लागल्यापासून मावशी मला एकच विचारतेय. ही डॉक्टर नाही, सिस्टर नाही, मग हॉस्पिटलात परदेशी पेशंटचं नेमकं करणार काय? मी म्हटलं, सगळं करणार. व्हिसाचं पत्र काढणार, विमानतळावर गाडी पाठवणार, डॉक्टरांची वेळ मिळवणार, जवळपास भाड्याची खोली शोधणार, बिलावरून जुंपली की मध्ये पडणार. वेळ आलीच तर शवपेटीची कागदपत्रंही करणार. शेवटचं वाक्य मी तिच्याशी बोलले नाही, तुझ्याशी बोलतेय. इंडक्शनमध्ये तुला हसऱ्या पेशंटांचे फोटो दाखवतील आणि कुठल्या देशातून किती आले त्याचे रंगीत तक्ते दाखवतील. त्यात जे नसतं ते माझ्याकडून ऐक. चहा घेऊन बस, थोडं लांबेल.

आधी एक गैरसमज काढून टाक. परदेशी पेशंट म्हणजे अत्तराचा घमघमाट सोडत येणारा शेख, असं आपल्या डोक्यात असतं. तसेही येतात. पावसाळ्यात मुद्दाम येतात, अर्धा जीव तपासणीत आणि अर्धा मरीन ड्राइव्हच्या पावसात. पण तुझ्या टेबलापुढे बसतील त्यातले बरेचजण येमेन, इराक, केनिया, टांझानिया, नायजेरियातून जमीन विकून आलेले असतील. केनियात गावजेवण घालून, प्रार्थनेला जमून आजाऱ्यासाठी पैसे उभे करतात. हरांबे म्हणतात त्याला. म्हणजे समोरच्या माणसाच्या खिशात त्याच्या एकट्याचे पैसे नसतात, सगळ्या गावाचे असतात. काहींना त्यांचं सरकार खर्चासकट पाठवतं, त्यांचं वेगळं. बाकीच्यांच्या बाबतीत एस्टिमेट लिहिताना ते गाव डोळ्यांपुढे ठेव.

तुझं काम पेशंट विमानातून उतरल्यावर सुरू होतं असं तुला वाटत असेल. मी तर म्हणेन, निम्म्याहून जास्त काम तो विमानात बसण्याआधीच संपलेलं असतं. चांगलं झालं असेल तर चांगलं, आणि बिघडलं असेल तर तेव्हाच बिघडलेलं असतं.

पहिला मेल येतो. सोबत रिपोर्ट म्हणून काय असतं, तर खिडकीला धरलेल्या एमआरआयच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो. बाहेरचं झाड स्पष्ट दिसतं, मेंदू दिसत नाही. असल्या फोटोवर डॉक्टरांचं मत घ्यायला धावू नकोस. सीडी किंवा मूळ डायकॉम फाइल मागव. कॅन्सर असेल तर बायॉप्सीच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागव. ते हातातल्या बॅगेत आणायला सांग, चेक-इनच्या सामानात मुळीच नाही. इथे स्लाइड पुन्हा वाचल्या जातात आणि कधीकधी निदानच बदलतं. ब्लॉक नसला की पुन्हा सुई, पुन्हा आठवडाभर थांबणं, पुन्हा खोलीचं भाडं.

मग आकड्यांचं. एक प्रसंग सांगते. नैरोबीहून आलेल्या रिपोर्टवर क्रिएटिनिन ४४२ लिहिलेलं. नवा रेसिडेंट एकदम खुर्चीतून उठला. बरोबरच आहे, आपल्याकडे ५ म्हटलं तरी किडनीच्या डॉक्टरांना बोलावतात. पण ते ४४२ दुसऱ्या एककात होतं, आणि ८८.४ ने भागलं की बरोबर ५ येतं. तसंच साखरेचं. त्यांच्याकडे ७ लिहिलेलं असतं, १८ ने गुणलं की आपलं १२६. हिमोग्लोबिन ९५ दिसलं तर ते साडेनऊ. तू डॉक्टर नाहीस, पण फाइल पुढे सरकवण्याआधी एकक पाहणं आणि त्यावर पेन्सिलीने गोल करणं तुला जमतं. येमेन-इराकच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर तर आकडेही अरबी असतात. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. गोळीचा डोस वाचताना यात गफलत झाली तर काय होईल ते सांगायला नको. एका संध्याकाळी बसलीस तर दहा आकडे पाठ होतील. नावांचंही तेच. पासपोर्टवर एक स्पेलिंग, रिपोर्टवर दुसरं, आणि वडील-आजोबांची नावं कुठे आहेत कुठे नाहीत. फाइल उघडायची ती पासपोर्टवरच्या नावाने. पुढे व्हिसा, बिल, विमा, डिस्चार्ज सगळं त्यावरच अडतं.

आता मुख्य गोष्ट. फाइल वाचून डॉक्टर एक ओळ लिहितात. समज त्यांनी लिहिलं, आजार पसरलेला आहे, त्रास कमी करण्यासाठी केमो देता येईल. हीच ओळ मार्केटिंगच्या टेबलावरून फिरून पेशंटकडे पोचते तेव्हा झालेली असते, ‘आमच्याकडे उपचार उपलब्ध आहेत, लवकर या.’ यात खोटं एक अक्षर नाही बघ. आणि तरी ते कुटुंब घर विकून येतं, बरं व्हायला. हे तू होऊ द्यायचं नाहीस. डॉक्टरांना भेट आणि तोंडावर विचार, या माणसाला इथे आणून जे मिळेल ते त्याला त्याच्या गावी मिळणार नाही का? किती मिळेल? महिने की वर्षं? डॉक्टर चिडत नाहीत गं. बहुतेकांना कोणी विचारलं तर बरंच वाटतं. मग त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच सहीने, साध्या भाषेत पत्रात जाऊ दे. साधी केमो नैरोबीतही मिळते. हृदयाच्या ऑपरेशनसाठी दार-ए-सलामला २०१५ पासून स्वतंत्र हृदयरोग संस्था आहे. ‘तुमच्याकडेच हे होईल, इतक्या लांब येऊ नका’ असं एका मेलमध्ये लिहून टाकलं की तुझ्या त्या महिन्याच्या टार्गेटमधला एक पेशंट गेला. जाऊ दे. भिंतीवर टार्गेटचा बोर्ड लावलेला असतो, साहेब सोमवारी त्याच्यापुढे उभे राहतात, हे मला माहीत आहे. पण आपल्याकडे म्हण आहे ना, भीड भिकेची बहीण. इथे भीड तू ठेवायचीस आणि भीक त्या बिचाऱ्याने मागायची, असा उलटा प्रकार होतो.

व्हिसाचं फार घोळवत नाही, त्याची माहिती तुला मिळेल. दोनच गोष्टी ध्यानात ठेव. ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचा असतो, त्यात तीनदा येता-जाता येतं, आणि सोबत दोघांना अटेंडंट व्हिसा मिळतो. गुडघा बदलायचा असेल तर ६० दिवस पुष्कळ झाले. पण थॅलेसेमियाचं मूल बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी येणार असेल तर प्रत्यारोपणानंतरच साधारण १०० दिवस हॉस्पिटलच्या आसपास राहावं लागतं, आधीची तयारी वेगळी. त्यांना पहिल्यापासूनच दूतावासातून नेहमीचा मेडिकल व्हिसा काढायला सांग, नाहीतर मूल आयसोलेशनमध्ये आणि बाप परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या एफआरआरओच्या पोर्टलवर मुदतवाढीसाठी, अशी पाळी येते. याच मुलांच्या बाबतीत आणखी एक. मॅरो जुळण्याची शक्यता सख्ख्या भावंडात चारात एक असते. म्हणून येण्याआधी त्यांच्याच देशात ही जुळणी बघणारी एचएलए तपासणी होत असेल तर करून घ्यायला सांग. चार भावंडांची तिकिटं काढून इथे आल्यावर एकही जुळलं नाही, हे ऐकताना आईचा चेहरा पाहवत नाही.

दुसरं, पिवळ्या तापाचं. केनिया, नायजेरिया, युगांडा अशा देशांतून येणाऱ्याकडे लसीचं कार्ड हवंच, आणि लस घेऊन १० दिवस झालेले हवेत. नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आता गोम अशी, की ही जिवंत विषाणूची लस. केमो चाललेल्याला ती देता येत नाही. अशा पेशंटचं कार्ड नसण्याचं कारण डॉक्टरांकडून लेखी घ्यायचं आणि विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवायचं. एजंट हे कधीच सांगत नाही. त्याला माहीतच नसतं.

किडनी आणि लिव्हरच्या फाइलला हात लावताना मात्र डोळ्यांत तेल घाल. १९९४ चा प्रत्यारोपणाचा कायदा, २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम, तिन्ही एकदा बसून वाच. कंटाळा येईल, तरी वाच. पेशंट परदेशी आणि दाता भारतीय, आणि दोघांचं जवळचं नातं नाही, तर ते होत नाही. नातं असेल, दोघेही परदेशी असतील, तरी प्राधिकृत समितीची आधी परवानगी लागते, आणि नात्याचा दाखला त्यांच्या दूतावासाकडून ठरलेल्या नमुन्यात यावा लागतो. समिती दात्याची मुलाखत घेते, तिचं चित्रीकरण होतं. आणि कोणी म्हणाला, ‘मेंदूमृत दात्याची किडनी मिळेल, नाव नोंदवा,’ तर त्याला नीट सांग. आधी राज्याची यादी, मग विभागाची, मग देशाची, मग भारतीय वंशाचे, आणि सगळ्यांत शेवटी परदेशी. तिथवर यादी पोचेल या आशेवर मुंबईत भाड्याची खोली घेऊन बसू नये. ‘चुलतभाऊ’ म्हणून समोर उभा केलेला मुलगा पेशंटच्या डोळ्याला डोळा देत नसेल, त्याला पेशंटच्या बायकोचं नाव सांगता येत नसेल, तर तू गप्प बसू नकोस. तुझ्या हातात निर्णय नाही, पण कोऑर्डिनेटरच्या कानावर घालणं आहे. उद्या पोलीस आले तर सगळे हात वर करतील आणि मेल मात्र तुझ्या नावाने गेलेले असतील.

एजंटांचं काय सांगू. त्यातही चांगली माणसं आहेत. आजाऱ्याचं सामान उचलणारी, रात्री ब्लड बँकेत जाऊन बसणारी. पण बरेचसे एकाच आजाराची फाइल चार शहरांत पाठवतात आणि जिथे त्यांना जास्त सुटतं तिथे पेशंट उतरवतात. डॉक्टरने पेशंट पाठवल्याचं कमिशन देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत साफ मना आहे. आपल्याकडे त्याला कट प्रॅक्टिस म्हणतात आणि सगळे नाक मुरडतात. तेच परदेशी पेशंटच्या बाबतीत आलं की त्याला ‘फॅसिलिटेशन’ असं गोड नाव मिळतं. ते बंद करणं तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात एवढंच की एस्टिमेट एजंटकडे जातं तसंच, त्याच आकड्यांचं, पेशंटच्या स्वतःच्या मेलवरही जावं. दोन आकडे वेगळे निघाले तर त्याला आल्यावर तुझ्या तोंडून कळण्यापेक्षा निघण्याआधी कळलेलं बरं.

आणि एस्टिमेटमध्ये ऑपरेशनचा एकच आकडा टाकून मोकळी होऊ नकोस. गुंतागुंत झाली तर आयसीयूचा एक दिवस कितीला, रक्त किती, तपासण्या किती, हे खाली वेगळं लिही. खोलीचं भाडं, दोन माणसांचं जेवण, आणि परतीचं तिकीट. परतीच्या तिकिटाचे पैसे बिलात घालायचे नाहीत, ते बाजूला ठेवायचे, हे त्यांना आल्या दिवशी सांग. रोख रकमेचंही आधीच सांगून ठेव. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त नोटा आणत असतील तर कस्टमला जाहीर करायला लागतं. आणि हॉस्पिटलला एका बिलापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाहीत, आयकराचा नियम आहे. मी पाहिलंय, कापडी पट्ट्यात शिवलेले डॉलर कॅश काउंटरवर मोकळे करणारा म्हातारा, आणि ‘नहीं ले सकते’ म्हणणारा आपला कॅशियर. म्हाताऱ्याला वाटलं त्याचे पैसे खोटे ठरवले. त्याची समजूत काढायला सगळी दुपार गेली.

दुभाष्याबद्दल आता. इथे जरा सावकाश ऐक.

डॉक्टर बोलतात दोन मिनिटं आणि दुभाषी बोलतो चार शब्द. असं झालं की थांबव. नम्रपणे थांबव, पण थांबव. अरबी येत नसलं तरी लांबी कळते. एकदा एक ओमानी गृहस्थ आले होते, साठीचे, ताठ बसलेले, मुलगा सोबत. मुलाला इंग्रजी फर्डं, म्हणून कोणी दुभाषी बोलावलाच नाही. डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं सगळं सांगितलं, ऑपरेशन, पिशवी लागेल, नंतर केमो. मुलाने बापाकडे वळून काहीतरी म्हटलं, बाप हसला, आणि डॉक्टरांच्या हातात हात देऊन उठला. डॉक्टर खूश, किती धीराचा माणूस! मला ते हसू पटेना. दुपारी आमच्या दुभाष्याला घेऊन वॉर्डात गेले आणि नुसतं विचारलं, कशासाठी ऑपरेशन आहे असं तुम्हाला वाटतं? म्हणाले, मूळव्याधीचं. मुलगा दारात उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक. त्याला दोष देत नाही मी. आपल्या घरातही आजोबांना हेच केलं होतं, तुला माहीत आहे. पण पोटाला कायमची पिशवी लागणाऱ्या माणसाची सही अशी घेता येत नाही. आम्ही मुलाला बाहेर कॉफी पाजली, अर्धा तास रडू दिलं, मग त्यालाच विचारलं, वडिलांना कोणी सांगावं, तू की डॉक्टर? त्याने सांगितलं, आमच्यासमोर, आणि दुभाषी शब्द न् शब्द ऐकत होता. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. थिएटरची लिस्ट बिघडली म्हणून कोणीतरी माझ्यावर ओरडलं, ते मी ऐकून घेतलं.

तेव्हा संमतीपत्राच्या वेळी घरचा माणूस दुभाषी नको, हा नियमच कर. आणि वॉर्डातल्या मामा-मावशींना विसरू नकोस. त्यांना ना अरबी येतं ना स्वाहिली, पण कोणत्या खोलीत ताट तसंच परत येतंय, कोण रात्री रडतं, हे त्यांना आधी कळतं. त्यांच्याशी मराठीत दोन शब्द बोललीस तर निम्मी बातमी तुला तिथेच मिळेल. बाकी बारीकसारीक खूप आहे. रमजानमध्ये डायबेटिसवाले कोणाला न सांगता रोजा धरतात आणि इन्शुलिन मात्र नेहमीचं घेतात, डाएटीशियनला आधीच सावध कर. गरोदर बाई सोनोग्राफीत सहज विचारेल, मुलगा की मुलगी? तिच्या देशात ते सांगतात, तिच्या मनात काही नसतं. आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानाच्या कायद्याने कोणालाच सांगता येत नाही, हे खोलीत शिरण्याआधी समजावून सांग म्हणजे आत डॉक्टरला ओशाळं व्हायला नको. आणि सरोगसीसाठी मेल आला तर परदेशी जोडप्यांना भारतात ते बंद आहे, सरळ एका ओळीत कळवून टाक.

फोटोंचं एक. मार्केटिंगवाले तुझ्यामागे लागतील, पेशंटचा व्हिडिओ दे, दोन शब्द बोलायला लाव. बिल बाकी असताना, अंगावर नळ्या असताना मागितलेल्या परवानगीला मी परवानगी मानत नाही. २०१७ मध्ये इजिप्तहून मुंबईत आलेली ती अतिस्थूल बाई तुला आठवत असेल, तू शाळेत असशील. पाचशे किलो वजन म्हणत होते. व्हिसासाठी सुषमा स्वराज यांनी स्वतः लक्ष घातलं, मालवाहू विमानातून आणलं, क्रेनने उतरवलं, आणि जगभरचे कॅमेरे. पुढे तिच्या बहिणीचं आणि इथल्या डॉक्टरांचं वाहिन्यांवर जाहीर भांडण झालं, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवलं, सप्टेंबरमध्ये ती गेली. कोणाचं किती बरोबर होतं यात मी शिरत नाही. पण कॅमेऱ्यासमोर सुरू झालेले उपचार कॅमेऱ्यासमोरच मोजले जातात, आणि आजार तेवढ्या घाईने उतरत नाही.

राजकारणाची झळही तुझ्या टेबलापर्यंत पोचेल. भारतात उपचाराला येणाऱ्यांत बांगलादेशी सर्वांत जास्त, बहुतेक कोलकाता आणि दक्षिणेकडे जायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे सत्तापालट झाल्यावर व्हिसा आटले आणि केमोच्या मध्यावर असलेली माणसं तिकडेच अडकली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी पेशंटांचे मेडिकल व्हिसा २९ तारखेपर्यंतच चालतील असं ठरलं. सरकारचे निर्णय सरकार घेतं, त्यावर वॉर्डात चर्चा नको. तू एवढंच करायचं, लांबणारे उपचार असलेल्या प्रत्येक पेशंटचा ताजा सारांश नेहमी तयार ठेवायचा. उद्याच निघावं लागलं तर पुढचा डॉक्टर तो वाचून तिथून सुरुवात करू शकेल असा.

आणि मृत्यू. कधीतरी होणारच. पोलिसांचा ना हरकत दाखला, दूतावासाचं पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, कस्टम, विमान कंपनी. ही यादी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेव, कारण त्या रात्री डोकं चालत नाही. पण फोन फिरवण्याआधी घरच्यांना विचार, न्यायचं आहे की इथेच दफन करायचं आहे. बऱ्याच मुसलमान कुटुंबांना लवकर दफन महत्त्वाचं असतं आणि एम्बामिंग नको असतं, पण दूर देशात असं काही मागता येतं हेच त्यांना माहीत नसतं. आणि बिलिंगच्या माणसाला त्या खोलीत एक तासभर तरी पाठवू नकोस. तेवढं तुझ्या शब्दावर थांबतात.

घरी परत जाणाऱ्यांकडे मात्र आपल्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. डिस्चार्ज झाला, बिल भरलं, संपलं! अगं, विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच, आणि तिथे पाच-सहा तास बसायचं. छातीच्या ऑपरेशननंतर लगेच नाही चालत ते. विमान कंपनीचा मेडिकल फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यायचा, ऑक्सिजन लागणार असेल तर आधी कळवायचं, स्वतःचा सिलिंडर चढू देत नाहीत. औषधांच्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव चालत नाही, मूळ औषधाचं नाव हवं. आपल्याकडचा ब्रँड येमेनच्या सानामध्ये कोण ओळखणार? आणि वेदनेच्या गोळ्या नीट बघ. ट्रामाडॉल आपल्याकडे डिस्चार्जला सर्रास देतात. इजिप्त आणि आखातातल्या देशांत त्यावर कडक निर्बंध आहेत, कागदाशिवाय सापडला तर पेशंट घरी पोचण्याऐवजी चौकशीला पोचतो. फार्मसीतून पिशवी खोलीत जाण्याआधी ती तूच उघडून बघ.

तुझ्यासाठीही थोडं. दुसरा फोन घे, कामाचा. रात्री अकरानंतर तो बंद, आणि ड्यूटी मॅनेजरचा नंबर प्रत्येक नातेवाइकाकडे. पहिले काही महिने तुला हे निष्ठुर वाटेल. खजुराचे डबे घे, सोन्याचं काही दिलं तर परत कर आणि परत केल्याचं लेखी ठेव. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर बिहार-बंगालहून आलेली कुटुंबं झोपलेली असतात, आणि तू तिथूनच आपल्या पेशंटला गाडीतून नेत असतेस. टोचेल ते. मलाही टोचतं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वर्षअखेरीला अप्रेझलमध्ये किती पेशंट आणले एवढंच विचारतील. तू आपली एक वही ठेव, ज्यांना ‘येऊ नका’ म्हणालीस त्यांची. नाव नको, देश, आजार आणि तारीख पुरे. शेजारी एक रकाना सोड, त्यांच्यापैकी कोणी पुढे आपला भाऊ, शेजारी, गावचा मास्तर तुझ्याकडे पाठवला का त्याचा. तो रकाना भरतो, सावकाश भरतो. बॉसपुढे बसशील तेव्हा तीच वही उघड. बाकी तुझं कितीही खरं असलं तरी आकडा हातात नसताना त्याच्याशी वाद घालायला जाऊ नकोस.